घोंगडीचा काळा, धोतराचा पांढरा : कृष्णधवल छपाईच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४

बाबांनी १९७४ ते १९७९ या वर्षांत आषाढीच्या वारीत काढलेल्या छायाचित्रांपैकी अठरा निगेटिव्ह आज निवडून झाल्या. त्या सर्व यशिका मॅट कॅमेऱ्यातील १२० आकाराच्या फिल्मवर, म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौरसात टिपलेल्या आहेत. बहुतेक फिल्म पूर्व जर्मनीतील ऑर्वो कंपनीची एनपी २२ असून दोन रोल उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या 'इंदू'चे आहेत. बाबांनी यांतील जेमतेम सहा छायाचित्रांच्या प्रिंट मोरीत थाटलेल्या डार्करूममध्ये काढल्या होत्या आणि उरलेली बारा आजवर कागदावर उतरलीच नाहीत.

स्कॅनिंग २४०० पीपीआयला (दर इंचास २४०० पिक्सेल), सोळा बिटच्या करड्या मोडमध्ये केले. त्यातून प्रत्येक बाजूस सुमारे ५,२०० पिक्सेल मिळतात आणि ३६० पीपीआयने चौदा इंचांचा चौरस प्रिंट आरामात निघतो. सर्व फायली ग्रे गॅमा २.२ या करड्या छटांच्या मोजपट्टीत ठेवल्या आहेत. या प्रकल्पातून मला एकच गोष्ट साधायची आहे : घरातील इंकजेट प्रिंटरवर असे प्रिंट काढायचे, की पाहणाऱ्याला त्यात कोणताही रंग जाणवणार नाही, खिडकीपाशीही नाही आणि दिव्याखालीही नाही.

१९ मे २०२४

पहिली चाचणी घरात असलेल्या सहा शायांच्या डाय (विरघळणाऱ्या रंगाच्या शायांच्या) प्रिंटरवर घेतली. त्यात काळी शाई एकच आहे. बाकीच्या पाच म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी, फिकी सायन आणि फिकी मॅजेंटा. कागद ग्लॉसी, प्रोफाइल (प्रिंटर त्या कागदावर कोणता रंग कसा उमटवतो हे सांगणारी फाइल) त्याच कागदाचे. चाचणीसाठी दिवे घाटातील छायाचित्र घेतले, कारण त्यात सगळेच आहे : वर पावसाने भरून आलेले आभाळ, मधोमध नुकत्याच धुतलेल्या धोतरांची रांग आणि उजव्या हाताला डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक म्हातारा वारकरी, ज्याचा चेहरा घोंगडीच्या सावलीत अर्धा बुडालेला आहे.

प्रिंट टेबलावरच्या दिव्याखाली चांगला वाटला. स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंग मोजणाऱ्या यंत्राने, मोजल्यावर मधल्या करड्याचे आकडे L ५४, a उणे ०.४, b ०.२ असे आले (L म्हणजे उजळपणा; a अधिक असेल तर तांबूस, उणे असेल तर हिरवट; b अधिक असेल तर पिवळट, उणे असेल तर निळसर), म्हणजे आकड्यांच्या भाषेत जवळजवळ निखळ करडा. संध्याकाळी बाबांबरोबर डार्करूममध्ये उभे राहिलेले काका आले होते. त्यांनी प्रिंट उचलून थेट उत्तरेच्या खिडकीपाशी नेला आणि म्हणाले, "अगं, हा तर हिरवट मारतोय." खरेच आभाळावर शेवाळासारखी झाक आली होती. तोच प्रिंट स्वयंपाकघरातील जुन्या पिवळ्या बल्बखाली नेला, तर धोतरांवर गुलाबी छटा उतरली.

यंत्राने दिलेले आकडे खोटे नव्हते; मी त्यांचा अर्थ अपुरा लावला होता. यंत्र जे a आणि b सांगते ते डी ५० या ठरावीक, दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाण प्रकाशासाठी काढलेले गणित असते. आयएसओ ३६६४ हे प्रिंट पाहण्याच्या प्रकाशाचे मानकही त्याच डी ५० वर बेतलेले आहे. परंतु घरात, दालनात, दुकानात डी ५० सहसा नसतो. एक काळी शाई असलेला प्रिंटर हलका व मध्यम करडा बहुतांशी सायन, मॅजेंटा आणि पिवळ्याच्या मिश्रणातून घडवतो. या तिन्ही शाया प्रकाशाचे वेगवेगळे तुकडे शोषतात आणि त्यांच्या मिश्रणाचा परावर्तनाचा आलेख टेकड्या-खोऱ्यांचा असतो. प्रकाश बदलला की त्यातील वेगळ्या टेकडीवर ऊन पडते आणि करड्याचा तोल जातो. यालाच आपण मेटामेरिझमचा दोष म्हणतो. प्रोफाइल कितीही नेमके असले तरी ते एकाच प्रकाशात तोल साधून देते, त्यामुळे हा दोष प्रोफाइलने जाणारा नाही.

२६ मे २०२४

उपाय शायांतच आहे, हे या क्षेत्रात पूर्वीच सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील जॉन कोन यांनी पिझोग्राफी या आपल्या छपाईपद्धतीत रंगीत शाया काढून टाकून त्यांच्या जागी काळ्याच्याच वेगवेगळ्या तीव्रतेच्या शाया भरण्याचा मार्ग धरला. पुढे २००५ मध्ये एप्सनने अल्ट्राक्रोम के३ शाया आणल्या. त्यात काळी, फिकी काळी आणि अतिफिकी काळी अशा तीन पातळ्या असल्यामुळे करड्याचा बहुतांश भार रंगांवरून उतरून काळ्यावर आला. काळ्या शाईतील रंगद्रव्य कार्बनचे, म्हणजे काजळीचेच, आणि काजळीचा परावर्तनाचा आलेख जवळजवळ सपाट असतो. तांबड्याकडे जाताना तो किंचित चढतो, एवढेच. सपाट आलेखाचा करडा कोणत्याही दिव्याखाली जवळपास सारखाच दिसतो.

म्हणून एका छायाचित्रकाराकडून वापरलेला, ए२ रुंदीचा, तीन काळ्या शायांचा पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शायांचा) प्रिंटर घेतला आहे. काल तो घरी आला. उन्हाळ्यामुळे दोन शायांच्या नोझल कोरड्या पडल्या होत्या; तीनदा हेड क्लिनिंग केल्यावर नोझल चेकची जाळी पूर्ण उमटली. मे महिन्यातील पुण्याची कोरडी हवा या यंत्राला मानवत नाही, म्हणून प्रिंटरशेजारी पसरट भांड्यात पाणी ठेवले आहे आणि दिवसाआड एक लहान पट्टी छापायची असे ठरवले आहे.

२ जून २०२४

प्रिंटरच्या स्वतःच्या ड्रायव्हरमधील कृष्णधवल मोडने दोन प्रिंट काढले. यात न्यूट्रल, कूल, वॉर्म, सेपिया असे पर्याय असतात आणि ड्रायव्हर काळ्या शायांत रंगीत शायांची अगदी बारीक भर घालतो. सहा शायांच्या प्रिंटपेक्षा हे कितीतरी पुढचे काम आहे. खिडकी आणि बल्ब यांच्यातील फरक इतका कमी झाला, की काकांनाही तो दोन्ही प्रिंट शेजारी धरल्याशिवाय सांगता आला नाही. ज्यांना कृष्णधवल छपाईत फार खोल शिरायचे नाही त्यांनी इथेच थांबावे, असे मी मनापासून सांगेन.

माझे मात्र समाधान झाले नाही, कारण म्हाताऱ्याची घोंगडी एकसंध काळी झाली आहे. निगेटिव्हमध्ये तिच्या विणीचे पट्टे आहेत, पडद्यावरही दिसतात, आणि प्रिंटवर ते बुडाले आहेत. सुती कागदावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या एकवीस पायऱ्यांची पट्टी छापून मोजली. पंच्याऐंशी, नव्वद, पंच्याण्णव आणि शंभर टक्के या शेवटच्या चार पायऱ्यांचे L अनुक्रमे २०, १८, १७ आणि १६ आले. सोळाच्या आसपास चार पायऱ्या एकमेकींना चिकटल्या असतील तर वीण दिसणार कुठून?

९ जून २०२४

पाऊस सुरू झाला. पाण्याचे भांडे काढून टाकले.

१६ जून २०२४

ही नोंद लांबणार आहे, कारण या आठवड्यात सर्वांत जास्त शिकायला मिळाले.

रॉय हॅरिंग्टन यांनी लिहिलेला क्वाडटोन रिप हा प्रोग्रॅम बसवला. तो ड्रायव्हरला बाजूला ठेवून प्रत्येक शाई कोणत्या पायरीवर किती सोडायची हे वापरणाऱ्याच्या हाती देतो. प्रथम शाईची मर्यादा शोधायची असते. कॅलिब्रेशन मोडमध्ये प्रत्येक शाईच्या पाच ते शंभर टक्क्यांच्या चौकोनांची रांग छापली आणि दुसऱ्या दिवशी, शाई पुरती वाळल्यावर, मोजली. मॅट काळ्या शाईचा L साठ टक्क्यांपर्यंत उतरत गेला, पासष्टला १६.० वर टेकला आणि पुढे शाई वाढवली तरी खाली जाण्याऐवजी उलट १६.५ कडे सरकू लागला. कागदाच्या थरात आणखी शाई जिरत नाही. ती वर साचते आणि काळेपणा घटवते. मर्यादा पासष्टला बांधली. L १६ म्हणजे घनता (काळेपणाचे माप; जितकी जास्त तितका काळा गडद) सुमारे १.६८. ग्लॉसी किंवा बॅरायटा (डार्करूमच्या कागदासारखा थर असलेल्या चकचकीत) कागदावर फोटो काळी, म्हणजे चकचकीत कागदासाठीची काळी, शाई वापरून L ४ च्या आसपास, म्हणजे घनता २.३ पर्यंत पोचता येते आणि त्या खोलीचा मोह मला काही काळ पडला होता. परंतु हाताशी असलेल्या बॅरायटा कागदात प्रकाशवर्धक रसायन आहे. ते अतिनील किरण शोषून निळा उजेड फेकते, त्यामुळे कोऱ्या कागदाचाच b उणे ४.१ येतो. काचेमागे गेल्यावर अतिनील किरण कमी पोचले की तोच कागद पिवळसर दिसतो, आणि वर्षानुवर्षांत ते रसायन क्षीण होत गेले की आणखी पिवळा पडतो. पन्नास वर्षे जपलेल्या निगेटिव्हना असा कागद देणे मला पटले नाही. म्हणून असे रसायन नसलेला, ३१० जीएसएमचा सुती मॅट कागद कायम केला. त्याचा L ९६.४ आणि b अधिक २.६ आहे; म्हणजे तो दुधावरच्या सायीसारखा किंचित पिवळसर पांढरा आहे.

त्यानंतर तिन्ही काळ्यांची वाटणी केली : उजळ भागात अतिफिकी, मध्यावर फिकी आणि गडद भागात पूर्ण काळी, आणि जिथे एक शाई संपून दुसरी सुरू होते तिथे दोन्हींचा पुरेसा मिलाफ. केवळ काळ्या शायांच्या वक्राने (कोणत्या पायरीवर कोणती शाई किती, या आराखड्याने) छापलेली पट्टी सुंदर, पण स्पष्टच तांबूस आली. मधल्या पायरीचा b ५.८. कार्बन जितका विरळ करावा तितका तो तांबूस दिसतो, हे वाचलेले डोळ्यांसमोर उमटले. दुसरा वक्र कूल, ज्यात फिक्या सायन व फिक्या मॅजेंटाची भर असते. त्याचा b उणे ५.६. दोहोंचे निम्मे-निम्मे मिश्रण केले आणि मधल्या पायरीवर a ०.२, b ०.१ मिळाला. आकड्यांनी यापेक्षा निखळ काही देणे शक्य नाही, म्हणून मोठ्या आशेने दिवे घाटाचा प्रिंट काढला.

तो निळा दिसला. मोजणी पुन्हा केली, आकडे तेच आले, आणि तरी डोळ्यांना धोतरे निळीच दिसत होती, जणू कोणी त्यांना नीळ जास्त घातली आहे. कारण कळायला दुपार गेली. प्रिंटभोवती दोन इंचांची कोरी कड सोडलेली आहे आणि त्या कडेचा पांढरा b अधिक २.६ आहे. डोळा पांढरे म्हणून त्या कडेलाच धरतो. तिच्या शेजारी b शून्य असलेला फिका करडा ठेवला की डोळ्याच्या लेखी तो निळ्याकडे झुकलेलाच असतो. म्हणजे मी ज्या शून्याच्या मागे लागले होते ते शून्य यंत्राचे होते; पाहणाऱ्याचे शून्य कागदापासून सुरू होते.

नंतर मी कागदाचा b २.६ आणि पूर्ण काळ्याचा b ०.६ ही दोन टोके धरून त्यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली आणि प्रत्येक पायरीने त्या रेघेवर यावे असे लक्ष्य ठेवले; मधल्या पायरीचा b त्यामुळे १.६ व्हायला हवा. क्वाडटोन रिपमध्ये उजळ, मध्यम आणि गडद भागांसाठी दोन वक्रांचे प्रमाण वेगवेगळे ठेवता येते. कूलचे प्रमाण मध्यम भागात ३५ टक्के, उजळ भागात २५ आणि गडद भागात ४० ठेवल्यावर एकवीसपैकी अठरा पायऱ्या रेघेपासून अर्ध्या एककाच्या आत आल्या. शिवाय रंगीत शाईची गरज निम्म्यावरून तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आली, आणि रंगीत शाई जितकी कमी तितका प्रिंट दिव्यागणिक कमी बदलतो. दोन्ही लाभ एकाच हालचालीत मिळाले याचा मला फार आनंद झाला.

२३ जून २०२४

आज लिनियरायझेशन केले, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्यांचे L समान अंतरावर आणले. कागदाचा L ९६.४ आणि काळ्याचा १६.० असेल तर पन्नास टक्क्यांची पायरी ५६.२ वर पडली पाहिजे. ती ५१ वर होती, म्हणजे मधला सगळा भाग गडद छापला जात होता. एकवीस पायऱ्यांचे L वक्राच्या फाइलीत भरून पुन्हा छापले, रात्रभर वाळवले, पुन्हा मोजले. आता मधली पायरी ५६.० आणि शेवटच्या चार पायऱ्या २८, २४, २०, १६. तीन आठवड्यांपूर्वी चिकटलेल्या त्या चार पायऱ्या सुट्या झाल्या. वक्रांचे प्रमाण बदलले की लिनियरायझेशन नव्याने करावे लागते, हे लक्षात ठेवायचे आहे. मी आधी ते केले आणि नंतर प्रमाण बदलले, त्यामुळे दोन कागद वाया गेले.

याच मोजणीवरून क्वाडटोन रिपच्या साधनाने करड्याचे आयसीसी प्रोफाइलही बनवले, त्यामुळे पडद्यावर प्रिंटचा अंदाज घेता येतो. पडद्याची उजळता ९० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर आणली आहे. त्याहून जास्त ठेवली की प्रिंट गडद आला असे वाटत राहते आणि माणूस विनाकारण फाइल उजळत बसतो.

घोंगडीचा प्रिंट काढला. पट्टे आले. डोक्यावर घडी पडते तिथे दोन पदर एकमेकांवर आले आहेत, तेही वेगळे दिसतात, आणि कडेच्या दशांतून पाणी ठिबकते आहे. बाबांच्या जुन्या प्रिंटमध्ये यातील काहीच नव्हते. त्यांच्या इंदू कागदाची त्यात चूक नाही. त्यांनी आभाळ जपण्यासाठी कागदाची कठीण ग्रेड, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणारी प्रत, वापरली होती आणि घोंगडी सोडून दिली होती. तो निर्णय डार्करूममधील एका प्रिंटपुरता योग्यच होता.

६ जुलै २०२४

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या आहेत. हवेतील दमटपणा वाढला असून खोलीतील मापक ८४ टक्के दाखवतो. सुती कागद ओल शोषून कडेने वाकतो आणि वाकलेली कड प्रिंट हेडला घासते. काल तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या बाईच्या प्रिंटवर खालच्या कडेला बोटभर लांब काळा ओरखडा उमटला आणि तो कागद फुकट गेला. तीन उपाय केले : कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवला, छापण्यापूर्वी एक रात्र सपाट फळीखाली वजन ठेवून दाबला आणि ड्रायव्हरमधील हेड व कागद यांच्यातील अंतर एक पायरी वाढवले. त्यानंतर एकही ओरखडा नाही. वादळी पावसात वीज जाऊन अर्धवट छापलेला एक प्रिंटही वाया गेला, म्हणून प्रिंटर आता यूपीएसवर आहे.

दमट हवेत शाई वाळायला वेळ लागतो आणि ओल्या प्रिंटचा काळा वेगळा मोजला जातो. छापल्यावर तासाभराने L १७.१ असलेला काळा दुसऱ्या दिवशी १६.२ झाला. त्यामुळे पावसाळाभर चोवीस तासांच्या आत कोणतीही मोजणी करायची नाही, असा नियम घातला आहे.

२० जुलै २०२४

अठरापैकी चौदा प्रिंट पूर्ण झाले. बाबांचे सहा जुने प्रिंट शेजारी ठेवून पाहिले. त्यांचा b आज ५ ते ७ आहे. काही अंशी कागद मुळात तसा आणि काही अंशी काळाने पिवळला. नव्या प्रिंटना तोच जुना रंग द्यावा का, असे घरातून सुचवले गेले, आणि क्वाडटोन रिपमध्ये ते दोन मिनिटांचे काम आहे. मी नकार दिला. तो पिवळेपणा त्या कागदांचा आहे, छायाचित्रांचा नाही. १९७६ साली हायपोतून (प्रिंट पक्का करणाऱ्या द्रावणातून) काढून दोरीवर वाळत घातलेला प्रिंट असा दिसत नसणार.

रिंगणाच्या प्रिंटमध्ये एक नवी अडचण दिसली. अश्व धावताना उडालेल्या धुरळ्याचा भाग तीन ते आठ टक्क्यांच्या करड्यात आहे आणि तिथे भिंगाखाली बारीक ठिपक्यांची खरखर जाणवते. अतिफिकी काळी अधिक लवकर आणि फिकी काळी थोडी उशिरा सुरू होईल असा वक्र वळवला, तेव्हा धुरळा पुन्हा धुरळ्यासारखा मऊ झाला. लिनियरायझेशन अर्थातच पुन्हा करावे लागले.

४ ऑगस्ट २०२४

काका सकाळी आले. दिवे घाटाचा नवा प्रिंट मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी अपेक्षेप्रमाणे तो खिडकीपाशी नेला. तिथे बराच वेळ पाहिला. मग टेबलावरच्या एलईडी दिव्याखाली, मग स्वयंपाकघरातील बल्बखाली. रंगाविषयी ते काहीच बोलले नाहीत. परत खिडकीपाशी येऊन त्यांनी बोट म्हाताऱ्यावर न ठेवता त्याच्या मागे ठेवले आणि विचारले, "हा पोरगा कोण गं? घोंगडीखाली." मी अठरा वेळा छापलेल्या त्या छायाचित्रात घोंगडीच्या आतल्या पदराला धरून चाललेले एक लहान मूल आहे, त्याचे कपाळ आणि एक डोळा L २२ ते २५ च्या दरम्यान कुठेतरी आहेत. मला ते दिसले नव्हते. काका तेव्हा बाबांबरोबर घाटात होते आणि त्यांनाही आठवत नाही.

त्याच प्रिंटवर गंधाचे टिळे पाहताना मधल्या पट्ट्यात अगदी सूक्ष्म गुलाबी झाक आहे, असे मला वाटते. मोजणीत a ०.७ आला, इतरत्र तो ०.३ च्या आत आहे. फिकी मॅजेंटा एका टप्प्यावर जास्त सुटते आहे.

११ ऑगस्ट २०२४

साठ ते सत्तर टक्क्यांमधील फिक्या मॅजेंटाचे प्रमाण किंचित घटवले, a ०.२ वर आला. दिवे घाटाचा प्रिंट पुन्हा काढला आहे. वक्राच्या फाइलीच्या नावात कागदाचा लॉट आणि शाईच्या कार्ट्रिजची तारीख घातली, कारण लॉट बदलला की कागदाचा b बदलेल आणि सगळी रेघ नव्याने ओढावी लागेल. सतरा प्रिंट आम्लरहित पातळ कागद मध्ये घालून डब्यात ठेवले आहेत. अठरावा, चंद्रभागेच्या वाळवंटातील, अजून बाकी आहे. त्याच्या निगेटिव्हवर बुरशीचे ठिपके आहेत आणि ते स्कॅनवर एकेक करून भरून काढायला आणखी आठवडा लागेल.